तीस ओळींचें परीक्षण

उत्तरपत्रिका तपासण्यांत आमचीं पंचवीस वर्षें गेलीं. त्या कामांत आपला हात चांगलाच बसला आहे, अशी आमची समजूत होती. गेल्या महिन्यांत केवळ तीस ओळींच्या एका मजकुरानें ती बरीच ढिली केली.

ग्नू गीक्स हा 2012 सालीं जाहीर झालेला मुक्त सॉफ्टवेअरचा प्रपंच. त्यांतील प्रोग्रॅमांच्या 'व्याख्या' हौशी मंडळी लिहून पाठवितात, आणि आमच्यासारखे कोणी सुटीच्या दिवशीं त्या तपासतात. व्याख्या म्हणजे स्कीम भाषेंतील एक लहानसें टिपण: प्रोग्रॅमचें नांव, आवृत्ति, मूळ कोठून आणावें, त्याची 'हॅश' नांवाची अंकमुद्रा, बांधणीस काय लागतें, परवाना कोणता. वाचकांनीं पाककृति डोळ्यांपुढें आणावी. मात्र येथें 'मीठ चवीप्रमाणें' असें लिहून भागत नाहीं.

आमच्याकडे आलेलें टिपण पंचांगगणित करणाऱ्या एका प्रोग्रॅमचें होतें. पाठविणारा नवखा. परवान्याच्या जागीं त्यानें ग्नू सार्वजनिक परवान्याची 'तिसरी किंवा पुढची आवृत्ति' असें नोंदविलें होतें. आम्हीं परवान्याची फाईल उघडली. तींत 2007 ची तिसरी आवृत्ति तेवढी दिसली, आणि आमच्यांतील प्रोफेसर जागा झाला. "परवाना वाचल्यावांचून लिहूं नये," असा शेरा मारून टिपण परत केलें. दुसऱ्या दिवशीं उत्तर आलें: "प्रत्येक मूळ फाईलच्या माथ्यावर कर्त्यानें 'किंवा पुढची' असें लिहिलें आहे, कृपया पाहावें." पाहिलें. होतें! परवान्याची संहिता सर्वांची एकच. कर्त्याची इच्छा त्याच्या फाईलींच्या शिरोभागीं असते, हें आम्हांस ठाऊक होतें, पण त्या सायंकाळीं आठवलें नाहीं. वर्गांत असें झालें असतें तर घसा खाकरून आम्हीं विषय बदलला असता. येथें क्षमा मागावी लागली, आणि तीही चारचौघांदेखत.

शरमेनें म्हणा, आम्हीं मग सगळा मूळ प्रोग्रॅम वाचावयास घेतला. एका कोपऱ्यांत, माहिती दाबून लहान करणाऱ्या झेडलिब ह्या घटकाची जुनी प्रत पडली होती. 2022 मध्यें 1.2.12 ह्या आवृत्तींत एक घातक दोष दुरुस्त झाला, त्याच्याही आधींची. संग्रहांत झेडलिब स्वतंत्रपणें आहेच. ती एके ठिकाणीं दुरुस्त केली कीं तिच्यावर विसंबणाऱ्या साऱ्यांना तिचा लाभ होतो. पण ज्यानें पोटांत खाजगी प्रत दडविली, त्याच्यापर्यंत ती दुरुस्ती पोंचत नाहीं. ती प्रत काढून टाकणाऱ्या दोन ओळी टिपणांत हव्या होत्या. शेरा मारून आम्ही स्वतःवर खूष होऊन झोपलों, तेव्हांही ती वस्तु तेथेंच होती.

अंकमुद्रा बरोबर जुळली. मुळांत एक अक्षर बदललें तरी ती जुळत नाहीं, पण वस्तु चांगली कीं वाईट ह्याविषयीं ती मौन पाळते. 2024 च्या मार्चमध्यें एक्सझेडच्या 5.6.0 व 5.6.1 ह्या आवृत्त्यांत चोरवाट सांपडली. तिला वाट करून देणारा बांधणीचा तुकडा वाटपाच्या गठ्ठ्यांत होता, सार्वजनिक मूळ संग्रहांत नव्हता. आंद्रेस फ्रॉइंड ह्यांना तिचा सुगावा लागला तो लॉगिनला अर्धा सेकंद अधिक लागतो ह्यावरून. आमच्या यंत्रावर अर्धा सेकंद कोणाच्या लक्षांत येणार!

सुधारलेलें टिपण परवां आलें. दोनदां बांधून पाहिलें. दोन्ही फळें तंतोतंत सारखीं निघालीं नाहींत. शोधलें तों, साहाय्यपुस्तिकेंत बांधणीची वेळ छापली जात होती. ह्या खेपेस शेरा लिहिण्यापूर्वीं आम्हीं ती फाईल तीनदां वाचली, आणि शेवटीं 'आमचें चुकत असल्यास कळवावें' अशी ओळ घातली. उत्तराची वाट पाहत आहों.