भाताच्या गावचं पथ्य

मधुमेहाचं निदान झालं की औषधांच्या चिठ्ठीबरोबर पेशंटच्या हातात एक झेरॉक्स पडते. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, दुपारी दोन फुलके, रात्री सूप आणि सॅलड. तळाशी ठळक अक्षरांत : भात, बटाटा, साखर पूर्ण बंद. मी आहारतज्ज्ञ आहे, हे असले तक्ते मला तोंडपाठ आहेत. शेलूत मात्र ‘भात बंद’ हा सल्ला आठवडाभरही टिकत नाही, आणि टिकू नये असंच मला वाटतं. ताटातून भात काढला तर त्या जागी काय वाढायचं, हे त्या कागदावर कुठेच नसतं. मग अर्धपोटी उठलेला माणूस चार वाजता चहाबरोबर टोस्ट-खारी खातो, रात्री हळूच भाताच्या टोपाशी जातो आणि साखर होती तिथेच राहते. ‘मॅडम, भात नाय तर जेवलो कुठं?’ हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की आता तपासणीचा रिपोर्ट बघायच्या आधी मी विचारते : तुमच्या घरी कालवण कसलं असतं आणि किती असतं?

शेलू म्हणजे वांगणी आणि नेरळच्या मधलं स्टेशन. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला माथेरानचा डोंगर. गावठाणातली जुनी घरं भातशेतीची. स्टेशनाभोवती उठलेल्या इमारतींतली नवी घरं मुंबईला नोकरी करणाऱ्यांची. मधुमेह दोन्हीकडे आहे, पण आत शिरायच्या त्याच्या वाटा वेगळ्या.

आधी गावठाण. पुढे कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ ही वाणं तिथली, संकरित ‘सह्याद्री’ही तिथलंच. सगळ्या मुलखाचं पोट तांदळावर. न्याहारीला तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री भात, ताप आला तर पेज. चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी करणाऱ्या अंगाला हे जेवण शोभत होतं; राबणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेत. आता जमिनीचा तुकडा बिल्डरला गेला, उरलेल्यात ट्रॅक्टर फिरतो, मुलगा नेरळला रिक्षा लावतो. ताट मात्र आजोबांच्या मापाचं राहिलं.

हिशेबच करू. एका मोठ्या तांदळाच्या भाकरीत साधारण ६० ग्रॅम पीठ, म्हणजे ४५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं. मध्यम वाटीभर शिजलेल्या भातात ४० ग्रॅम. न्याहारीला तीन भाकऱ्या आणि दोन्ही वेळा तीन-तीन वाट्या भात धरला तर बेरीज पावणेचारशेवर जाते. त्यात भाकरीचं पीठ आपण उकड काढून मळतो. उकडीत स्टार्च फुलून मऊ होतो आणि पोटात गेल्यावर झपाट्याने साखर होतो. हे फक्त शेलूचं नाही. भारतीय माणसाच्या आहारातली ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असं आयसीएमआर-इंडियाब पाहणी सांगते. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, हा २०२३ मध्ये जाहीर झालेला आकडाही याच पाहणीचा.

‘पण मी तर काटकुळा, मला कशी शुगर?’ या प्रश्नाला उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केव्हाच दिलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापून आला : स्वतः याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला बारीक, आतून चरबीदार असा हा आपला बांधा आहे, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटातच होते, हे त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं वर्षानुवर्षं अभ्यासून दाखवलं. म्हणून मी वजनकाट्याआधी टेप काढते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की काटा काहीही म्हणो, यकृतात चरबी साठू लागली असं धरून चालते.

निदान नवीन असेल, तर हीच यात मोठी जमेची बाजू. इंग्लंडातल्या न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी केली. ज्यांच्या मधुमेहाला सहा वर्षांच्या वर झालेली नाहीत अशा लोकांच्या गोळ्या बंद करून त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षाअखेरीस त्यांतले ४६ टक्के लोक गोळीशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आले. २०१७ साली हे निष्कर्ष आले तेव्हा आमच्या व्यवसायात खळबळ उडाली. ती माणसं सरासरी शंभर किलोची, आमचे पेशंट साठ-पासष्टचे. पण नंतर टेलर यांनीच सडसडीत मधुमेहींवर छोटा प्रयोग केला आणि वजन दहाएक टक्के उतरल्यावर वीसपैकी चौदा जणांना तसाच गुण आला. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी हलली की थकलेल्या पेशी पुन्हा इन्सुलिन सोडू लागतात; जितका उशीर, तितक्या त्या कमी उरतात. म्हणून पहिलं वर्ष वाया घालवू नका, असं मी कळवळून सांगते. ८५० कॅलरींचा हट्ट मात्र मी धरत नाही. ते डॉक्टरांच्या नजरेखाली करायचं काम आहे.

मग भाताच्या जागी काय? उत्तर शेतातच आहे. भात कापला की जमिनीत उरलेल्या ओलीवर आपल्याकडे वाल पेरतात. नांगर नाही, पाणी नाही, थंडीच्या दवावर पीक येतं. शंभर ग्रॅम कोरड्या वालात जवळजवळ २४ ग्रॅम प्रथिनं, तांदळात सहा-सात. वालाचा स्टार्च हळू पचतो, पोट भरलेलं राहतं. माझं पथ्य एका ओळीचं आहे : आज तीन वाट्या भात आणि पळीभर वालाचं बिरडं खाता, उद्यापासून दोन वाट्या बिरडं आणि एक वाटी भात खा, शेजारी जी मिळेल ती भाजी. भाकरी न्याहारीला एकच, सोबत अंडं किंवा सुकट. सुकट दोन-तीन पाण्यांनी धुवायची, कारण रक्तदाब बहुधा मधुमेहाचा हात धरूनच आलेला असतो.

अडचण येते ती सोलण्याची. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी निथळून फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड दिसले की कोमट पाण्यात टाकायचे. मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहते, डाळिंबी बुळकन पातेल्यात पडते. पाच माणसांना पुरेल एवढं बिरडं सोलायला तासभर जातो, आणि तो तास नेहमी घरातल्या बाईचा असतो. नवऱ्याला साखर निघाली की बायकोचं काम वाढतं, हा या आजाराचा कुठल्याही पुस्तकात नसलेला भाग. त्यामुळे पेशंट पुरुष असेल तर वाल सोलणं मी त्याच्याच नावावर लिहिते, औषधाच्या वेळेसारखं, कागदावर. काही काका हसतात. त्यांच्या बायका हसत नाहीत, कागद जपून पिशवीत ठेवतात. वेगळी पथ्याची भांडी मांडू नका, हेही मी बजावते. एकाच टोपातलं सगळ्यांनी खायचं. मधुमेह्याच्या मुलांनाही तीच जोखीम आहे.

पैशांची गोष्ट टाळून चालणार नाही. रेशनवर प्राधान्य गटाच्या कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य फुकट मिळतं. इथे त्यातला बराच भाग तांदूळ. डाळ, कडधान्य दुकानातून विकत आणायचं. पाच माणसांच्या घरात पंचवीस किलो धान्य आपोआप येऊन पडतं आणि वाल किलोभर घेतानाही हात आखडतो. अशा घराला ‘प्रथिनं वाढवा’ म्हणणं मला नेहमी थोडं ओशाळं करतं. स्वतःच्या शेताचा वाल असेल तर तो सगळा विकू नका, वर्षाचा डबा आधी भरून ठेवा, एवढं मी सांगू शकते. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी बांधावर आणि रानात असतातच. चढणीचे मासेही त्याच दिवसांत.

इमारतींतल्या लोकांचं दुखणं घड्याळाचं. पहाटेची कर्जत लोकल पकडायची, मुंबईत पोचायला दोन तास, परतताना पुन्हा दोन. दुपारचा डबा साडेबाराला संपतो, संध्याकाळी भूक खवळते ती दादर-कल्याणच्या फलाटावर, मग वडापाव. घरी पोचायला नऊ-साडेनऊ, जेवण दहाला, साडेदहाला झोप. रात्री उशिरा पोटभर भात खाऊन लगेच आडवं झालं की सकाळची उपाशीपोटीची साखर चढलेली मिळणार. यांना मी दुसरा डबा न्यायला लावते. मोड आलेले मूग किंवा चण्याची उसळ, दोन उकडलेली अंडी, काकडी. ऑफिस सोडण्यापूर्वी साडेपाचला तो खायचा. हेच रात्रीचं जेवण. घरी आल्यावर वाटीभर आमटी किंवा ताक, बाकी काही नाही. आठ-दहा दिवस चिडचिड होते, मग अंगवळणी पडतं. आणि शेलू स्टेशनावरून रिक्षा करू नका, चालत घरी जा.

खाण्याच्या क्रमाचाही फरक पडतो. आधी भाजी आणि प्रथिनं, शेवटी कर्बोदकं असं जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अमेरिकेत अल्पना शुक्ला यांनी २०१५ साली एका छोट्या अभ्यासात दाखवलं. आपली पंगत नेमकी उलटी : पहिला मान वरणभाताच्या मुदीला. लग्नात खुशाल तसं जेवा, घरी कोशिंबीर आणि उसळ आधी संपवा.

नाचणीबद्दल मात्र भाबडेपणा नको. डोंगरावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतली नाचणी कॅल्शियमने भरलेली आहे, भाकरीत चांगलीच. पण नाचणीचं सत्त्व किंवा आंबील ‘शुगरवाल्यांचं पेय’ म्हणून सकाळी पेलाभर पिणं म्हणजे पातळ केलेला स्टार्च पिणं. गुळाचंही तेच, तो साखरेचाच सख्खा भाऊ.

दीक्षितांविषयी मला हमखास विचारतात. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या कल्पनेवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मांडलेलं दोनदा जेवण, प्रत्येकी ५५ मिनिटांत, महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलंय. अधूनमधून तोंडात काही टाकणं थांबतं हा त्याचा खरा फायदा, आणि नव्या पेशंटला तो होताना मी पाहते. पण दोनच वेळा जेवायचं म्हणून त्या दोन ताटांत भाताचे डोंगर रचले तर उपयोग शून्य. त्याहून महत्त्वाचं : ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण अचानक तोडलं तर साखर सत्तरच्या खाली जाते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आहार बदलायच्या दिवशीच डॉक्टरांना सांगून गोळीचा डोस ठरवून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी सोडू नका. इन्सुलिन तर नाहीच. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर माझा वालाचा सल्लाही आधी डॉक्टरांना दाखवा.

काही जणांना आहार पुरत नाही. वाडीवरचा तरुण, हाडांची काडं, वजन भराभर उतरतंय, सारखी तहान. त्याचा भात कमी करणं हा गुन्हा ठरेल. लहानपणापासूनच्या उपासमारीतून येणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘टाइप ५’ म्हणून वेगळी मान्यता दिली. अशा माणसाला मी तडक मोठ्या रुग्णालयात पाठवते. रक्तक्षय किंवा सिकलसेल असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, फसवी येते, हेही लक्षात ठेवावं लागतं. तिथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहूनच बोलायचं.

दिवाळीच्या फराळाचं एवढंच : चकली-करंजी चहाबरोबर येता-जाता नको. दुपारच्या जेवणात भाताऐवजी घ्या, आधी उसळ खाऊन. आणि या दिवाळीत निदान झालं असेल तर पुढची एचबीए१सी तीन महिन्यांनी, म्हणजे वालाच्या शेंगा भरतील त्या सुमारास येईल. शेतावर कुणी पोपटी लावली आणि बोलावलं तर जरूर जा. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वाफवलेल्या शेंगा, अंडी, कोंबडी, ना तेल ना पाणी. मी तक्ता लिहायला बसले तरी याहून बरं काही सुचणार नाही. त्यातले बटाटे तेवढे शेजाऱ्याच्या पानात सरकवा. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायला गेलात तरी चालेल. एचबीए१सीला उपाशीपोटी जावं लागत नाही.