नावाच्या जागी प्रश्नचिन्हे

‘कॉम्प्युटरने घोळ घातला’ हे वाक्य हल्ली आपल्या घरोघरी ऐकू येते. पूर्वी दूध पातळ निघाले की गवळ्याला आणि सदरा आखूड झाला की शिंप्याला बोल लावीत. आता तो मान कॉम्प्युटरकडे गेला आहे. वास्तविक कॉम्प्युटर हा फार आज्ञाधारक नोकर आहे. सांगितले तेवढेच तो करतो, अधिक नाही आणि उणे नाही. घोळ असतो तो सांगण्यात. त्यातून सांगणारे एक नसून अनेक असतात. प्रोग्राम लिहिणारा एक, माहितीचा साठा ठेवणारा दुसरा, वेबचे पान दाखवणारा तिसरा. एकाची भाषा दुसऱ्याला कळली नाही की बिचारा नोकर भलतेच काही आणून पुढे ठेवतो.

आम्ही दोघेतिघे या विषयात पडलो ते पुण्यतिथींच्या यादीमुळे. सिनेगॉगमध्ये अशी यादी असते हे वाचकांना सांगायला नको. मयताचे नाव, वडिलांचे नाव, हिब्रू तारीख, आणि कोणत्या घरी कळवायचे ते. दिवस जवळ आला की घरच्यांना निरोप जातो आणि मुले कद्दीश म्हणायला येतात. आमची यादी प्रथम जाड पुठ्ठ्याच्या वहीत होती, मराठीत, शाईने लिहिलेली. पुढे ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये घातली गेली. त्यानंतर ती वेबच्या पानावर आली, म्हणजे अश्दोदच्या मुलीला, दिमोनाच्या भावाला आणि ठाण्याच्या मावशीलाही घरबसल्या पाहता यावी. आणि एके दिवशी पानावर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. दिवेकर आणि रोहेकर दोघेही सहा सहा प्रश्नचिन्हे झाले. आता यातला कोणता दिवेकर आणि कोणता रोहेकर, हे कोण सांगणार?

अशा वेळी पहिला नियम असा की घाईने काही करू नये. विशेषतः ‘सेव्ह’चे बटण दाबू नये आणि सगळे पुसून पुन्हा बसवू नये. डॉक्टर आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. तसेच इथेही आधी तीन प्रश्न विचारावेत. आपण काय केले? काय व्हावे अशी अपेक्षा होती? प्रत्यक्ष काय दिसले? चौथा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: हे शेवटचे ठीक केव्हा होते आणि तेव्हापासून काय बदलले? नवा कॉम्प्युटर आला का, प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवली का, यादी एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवली का? निम्मे दोष या एका प्रश्नाच्या उत्तरातच सापडतात. आणि पडद्यावर जी चूक-सूचना येते ती वाचल्याशिवाय बंद करू नये. पुष्कळ लोक ती माशी हाकलावी तशी हाकलतात. तिचा फोटो काढून ठेवावा; दुरुस्ती करणाऱ्याला तो शंभर शब्दांच्या तक्रारीपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

दुसरा नियम: बिघडलेली अक्षरे सगळी सारखी नसतात. त्यांच्या तऱ्हा ओळखायला शिकले पाहिजे, कारण प्रत्येक तऱ्हेचे कारण निराळे आहे.

कॉम्प्युटर अक्षरे जाणत नाही, आकडे जाणतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे याची कोष्टके असतात. हिब्रूसाठी विंडोज-१२५५ नावाचे जुने कोष्टक होते. त्यात हिब्रू व इंग्रजी बसत असे, मराठीला जागा नव्हती. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत हिब्रू व देवनागरी शेजारी शेजारी आल्या. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती साठवण्याची यूटीएफ-८ ही रीत बसवली, आणि आज वेबवर बहुतेक सर्वत्र तीच चालते. या रीतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, हिब्रू अक्षराला दोन आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, तीन बाइट लागतात. हे तीन आकडे लक्षात ठेवले की पुढचे सगळे उलगडते.

समजा यादी यूटीएफ-८ मध्ये नीट साठवली आहे, पण वाचणारा प्रोग्राम ती विंडोज-१२५५ समजून वाचतो. मग प्रत्येक मराठी अक्षराचे तीन तुकडे होतात. पहिला तुकडा आलेफ दिसतो, दुसरा शेकेलचे किंवा जपानी येनचे चिन्ह, आणि तिसरा काहीबाही. सगळे पान आलेफ आणि शेकेलने भरलेले पाहून एखाद्याला वाटेल की हा कुणाचा हिशेब आहे! पण ही तऱ्हा दिसली तर आनंद मानावा. माहिती शाबूत आहे, फक्त चष्मा चुकीचा आहे. पानाला ‘हे यूटीएफ-८ आहे’ एवढे सांगितले की नावे परत येतात. मात्र तोवर ते तसेच पुन्हा साठवू नये.

प्रश्नचिन्हांची गोष्ट वेगळी आणि वाईट. वाटेत कुठेतरी मराठी अक्षर त्या जुन्या हिब्रू कोष्टकात कोंबण्याचा प्रयत्न झाला. तिथे जागा नाही म्हणून प्रोग्रामने अक्षर फेकून दिले आणि त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले. साठ्यातही तीच असतील तर आत काही उरलेले नाही. पडदा बदला, फाँट बदला, नाव परत येणार नाही. मग उपाय एकच, जुनी प्रत.

तिसरी तऱ्हा चौकोनांची. रिकामे चौकोन दिसले तर अक्षर आहे, पण ते रेखाटायला फाँट नाही. देवनागरी फाँट बसवावा. चौथी तऱ्हा शेवटी काळ्या शंकरपाळ्यातले प्रश्नचिन्ह दिसण्याची. ‘नवगावकर’ हे नाव सात अक्षर-खुणांचे, म्हणजे २१ बाइटचे. रकाना २० बाइटचा असला तर शेवटचा ‘र’ मध्येच कापला जातो. हिब्रूत तेच नाव सात अक्षरांचे, १४ बाइटमध्ये बसते. म्हणून हिब्रू नावांवर तपासलेला प्रोग्राम ‘उत्तम चालतो’ असे प्रमाणपत्र घेऊन येतो आणि नवगावकरांच्या दारात अडखळतो. पाचवी तऱ्हा जुन्या टंकलेखनाची. श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर आत लॅटिन अक्षरांच्या आकड्यांतच असतो आणि वर देवनागरीचा वेष असतो. फाँट नसला की वेष गळून पडतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

आमच्या यादीत प्रश्नचिन्हे होती. ती कुठे उत्पन्न झाली हे शोधायला आम्ही नळाची गळती शोधतात तशी रीत धरली. नळ टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत जातो. आधी मधोमध उघडून पाहावे. तिथे पाणी ठीक असेल तर गळती पुढे, नसेल तर मागे. आमच्या वाटेतले टप्पे चार: ऑफिसातला प्रोग्राम, त्यातून काढलेली फाइल, माहितीचा साठा आणि वेबचे पान. साठ्यात पाहिले, तिथेच प्रश्नचिन्हे होती. म्हणजे पानाचा दोष नव्हता. फाइल पाहिली, तीतही तीच. ऑफिसातल्या प्रोग्राममध्ये मात्र नावे स्वच्छ होती. तेव्हा दोष फाइल काढताना घडत होता: प्रोग्राम ती जुन्या हिब्रू कोष्टकात लिहीत होता. ती यूटीएफ-८ मध्ये लिहायला लावली आणि नावे आली. वेबचे पान दिवसभर दुरुस्त करीत बसलो असतो तरी काही झाले नसते, कारण दोष दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हेही तेव्हाच पटते. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरे झाले ते कधी कळत नाही.

नावे आली, पण एका ओळीत मराठी नाव, हिब्रू तारीख आणि कंसातला फोन नंबर असला की सगळे मागेपुढे होई. हिब्रू उजवीकडून वाचतात, मराठी डावीकडून, आणि कंसाला तर स्वतःची दिशाच नाही. शेजारी जाईल तिकडे तो जातो. इथे मोठा मोह होतो की हातानेच अक्षरे उलटी करून टाकावी. असे कदापि करू नये. १९९०च्या दशकात हिब्रूची कित्येक वेबपाने अशी उलट्या क्रमाने लिहिली जात, आणि नंतर त्यांत शब्द शोधणे कठीण होऊन बसले. साठा खरा असू द्यावा. प्रत्येक रकान्याला पानावर त्याची दिशा निराळी सांगावी, म्हणजे एकाची दुसऱ्याला बाधा होत नाही. दाखवण्यातला दोष दाखवण्यातच दुरुस्त करावा.

मग तारखा. नावानंतर जीव असतो तो तारखेत. इथे विचारावे: सगळ्याच तारखा एक दिवस मागे आहेत की काहीच? सगळ्या मागे असतील तर कारण बहुधा वेळेच्या पट्ट्याचे. नुसती तारीख दिली तरी प्रोग्राम तिला मध्यरात्रीची वेळ चिकटवतो. इस्रायलची हिवाळ्यातली मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेत आदल्या दिवशीचे रात्रीचे दहा. दूरच्या सर्व्हरने तेवढी तारीख उचलली की दिवस गेला. केवळ अलीकडच्या वर्षांतील उन्हाळ्याच्या तारखा मागे असतील तर कुणीतरी दोन तास कायमचे धरले आहेत. उन्हाळ्यात ते तीन असतात. पूर्वी दारफळणीच्या सणाआधी घड्याळ मागे घेत, आणि २०१३च्या कायद्यापासून उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत चालते. जुने तक्ते बाळगणारा कॉम्प्युटर तिथेही एका तासाने चुकतो. यावर खरा उपाय असा की मृत्यूची तारीख वेळेशिवाय, नुसती तारीख म्हणूनच ठेवावी.

आणि तुरळक तारखाच एक दिवस वेगळ्या असतील तर प्रोग्रामला दोष देण्याआधी घरच्यांना विचारावे: प्राण सूर्यास्तापूर्वी गेला की नंतर? आपला दिवस संध्याकाळी सुरू होतो. सूर्यास्तानंतरचा मृत्यू पुढच्या हिब्रू तारखेला धरला जातो. हे कॉम्प्युटरला आपोआप कळत नाही. त्यासाठी निराळा रकाना हवा.

अदार महिन्याचे तसेच. १९ वर्षांत सात वेळा दोन अदार येतात. साध्या वर्षाच्या अदारमध्ये वारलेल्याची पुण्यतिथी अधिक महिन्याच्या वर्षी कधी पाळावी? शुल्हान आरूखमध्ये दुसरा अदार सांगितला आहे, तर अश्केनाझी रीत पहिल्या अदारची आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्यातली एक रीत न विचारता घालून ठेवलेली असते. हा दोष प्रोग्रामचा म्हणता येत नाही. तो प्रश्न हजान आणि रब्बी यांना विचारायचा, आणि उत्तर यादीत लिहून ठेवायचे.

दुरुस्ती झाली की काम संपले असे मात्र समजू नये. एक छोटी यादी करून ठेवावी: नवगावकरांसारखे लांब नाव, जोडाक्षराचे ‘अष्टमकर’, सूर्यास्तानंतरची तारीख, अदारमधली तारीख, हिब्रू-मराठी मिश्र ओळ. प्रोग्राममध्ये काहीही बदलले की आधी या पाच नोंदी पाहाव्यात. आणि पान बदलूनही जुनेच दिसत असेल तर ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत पुसून पुन्हा पाहावे. कित्येकदा दुरुस्ती झालेली असते, आपण कालचेच पान पाहत असतो.

वाचकहो, या कामात आम्हांस एक गोष्ट फार जाणवली. आपली तरुण मुले हुशार आहेत, कोष्टके आणि बाइट त्यांना तोंडपाठ आहेत. पण त्यांतल्या पुष्कळांना मराठी वाचता येत नाही. पडद्यावर ‘रोहेकर’ आले की ‘रेहोकर’, हे त्यांना ओळखता येत नाही. दोन्ही त्यांना सारखीच नक्षी. ज्यांना ओळखता येते ती वडीलधारी मंडळी कॉम्प्युटरपासून चार हात दूर बसतात, आणि वर्षागणिक त्यांची संख्या कमी होत आहे. दोष पाहू शकणारा एक आणि दोष काढू शकणारा दुसरा. हे दोघे एका टेबलाशी बसले नाहीत तर दोष तसाच राहतो, आणि कुणाला कळतही नाही.

म्हणून आमची विनंती अशी. ज्यांच्या घरी, ज्यांच्या सिनेगॉगमध्ये अशा याद्या आहेत त्यांनी शब्बाथनंतरच्या एखाद्या संध्याकाळी आजीला आणि नातवाला एकत्र बसवावे. आजीने नाव मोठ्याने वाचावे, नातवाने पडद्याशी ताडून पाहावे. आणि पुठ्ठ्याची वही फेकून देऊ नये. प्रश्नचिन्हांवर तोच एक इलाज आहे. कद्दीश म्हणताना मूल ज्याच्यासाठी उभे राहते, त्याचे नाव तरी त्याला नीट कळले पाहिजे.