तोल जाण्याचे व्याकरण

हवामानशास्त्रातल्या ‘टिपिंग पॉइंट’ या संज्ञेला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न काही वर्षे माझ्या मनात घोळतो आहे. ‘निर्णायक बिंदू’ हा प्रतिशब्द अचूक, पण निर्जीव. ‘कडेलोट’ चटकन सुचतो. मात्र कडेलोटात कुणी ढकलणारा असतो आणि सारे क्षणात आटोपते. ‘उंबरठा’ ओलांडला तरी मागे फिरता येते. मला ‘तोल जाणे’ जवळचे वाटते. तोल गेलेला माणूस अजून पडलेला नसतो. पडणे मात्र ठरून गेलेले असते.

ग्रीनलंडचे हिमावरण पाहा. त्याची जाडी काही ठिकाणी तीन किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्याचा माथा उंचावरच्या थंड हवेत आहे. बर्फ वितळला की माथा खाली, उबदार हवेत येतो आणि अधिक वेगाने वितळतो. वितळणे हेच वितळण्याचे कारण होऊन बसते. पुढे तापमान थोडे उतरले, तरी गेलेली उंची परत मिळत नाही. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने हा तोल औद्योगिकपूर्व तापमानापेक्षा सुमारे १.५ अंश सेल्सिअस वाढीला जाईल असा अंदाज केला. अनिश्चिततेची कक्षा ०.८ ते ३ अंशांची. सगळा बर्फ वितळायला हजारो वर्षे लागतील, आणि समुद्र सुमारे सात मीटरांनी चढेल.

अशा घटनेसाठी कोणता काळ वापरावा? घडणे भविष्यातले, निर्णय भूतकाळातला. मराठी बोलीत याची सोय आहे. फळीच्या कडेवरून बरणी घसरू लागली की आपण ‘पडली, पडली!’ असे ओरडतो. ती अजून फळीवरच असते. ‘हा आलोच’ म्हणणारा घरातून निघालेलाही नसतो. जे होणारच, ते झाल्यासारखे बोलण्याची ही रीत आहे.

या रीतीत एक धोकाही आहे. ‘पडली!’ म्हणणारा हात पुढे करतो. ‘गेले ते गेले’ म्हणणारा हात झटकतो. काळ एकच, वृत्ती वेगळी. हवामानाविषयी ‘आता सगळे संपले’ हे वाक्य मी अलीकडे विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकतो. शोकात्मिका वाचून तयार झालेल्या मनाला एकच निर्णायक क्षण शोधण्याची सवय असते. इथे तो एक नाही. उष्ण समुद्रांतल्या प्रवाळांचा तोल सुमारे १.२ अंशांनाच गेला, असा २०२५ च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालाचा निष्कर्ष आहे. अ‍ॅमेझॉनच्या अरण्याचा हिशेब निराळा. तो जंगलतोडीशीही बांधलेला आहे. ग्रीनलंडचा तोल गेला, तरी बर्फ किती वेगाने वितळेल हे पुढच्या तापमानवाढीवर अवलंबून राहील. म्हणजे अंशाच्या दहाव्या भागालाही अर्थ आहे.

म्हणून ‘संपले’ असे कुणी म्हणाले, की मी आधी त्या क्रियापदाचा कर्ता विचारतो. काय संपले, आणि काय अजून फळीवर आहे?