पाचोळा, बियाणं आणि दुधीची फुलं

पुण्यात आमच्या भागात गच्चीवर बाग करणाऱ्यांचं एक छोटं मंडळ आहे. नोंदणी वगैरे काही नाही, वर्गणी चहापुरती. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, झाडं बघायची, अडचणी बोलायच्या आणि निघताना एखादं रोप नाहीतर फांदी सोबत न्यायची.

आमच्या कामाला खरा जोर येतो तो पानगळीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला पानांचे ढीग लागतात. पूर्वी ते सर्रास पेटवले जायचे, सकाळी फिरायला निघालं की धुराने डोळे चुरचुरायचे. आता रस्ता झाडणाऱ्या ताई पोती भरून ठेवतात आणि आम्ही ती उचलून आणतो. मंडळाचं सगळ्यात मोलाचं काम हेच, असं मी मानते. गच्चीला मातीचं ओझं झेपत नाही, त्यात पावसात भिजलेली माती फारच जड. म्हणून आमच्या वाफ्यांत मुख्यतः पालापाचोळा, उसाची चिपाडं आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा असतो, माती नावाला. वर्षावृक्षाची बारीक पानं भराभर कुजतात. आंब्या-फणसाची जाड पानं मात्र चुरून घालावी लागतात. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने शेतकऱ्यांना आपल्या वावरात प्रयोग करायला आणि ते एकमेकांना सांगायला लावलं. आमच्यातल्या जुन्या मंडळींची बागकामाची रीत तिथूनच आलेली आहे.

मृग लागायच्या आधी बियाणं वाटलं जातं. घेवडा, वाल, टोमॅटो यांचं घरी धरलेलं बी बहुधा मूळ जातीसारखंच निघतं. वेलभाज्यांचं तसं नाही. शेजारच्या गच्चीवर दुसऱ्या जातीचा दुधी असेल तर मधमाश्या त्याचा पराग आणून टाकतात, आणि पुढच्या वर्षी भलत्याच आकाराची फळं लागतात. त्यामुळे पाकिटावर जात आणि साल लिहिल्याशिवाय आम्ही बी घेत नाही.

पावसाळ्यात सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं असतं: वेल छान वाढलाय, फुलंही येतात, पण कळ्या पिवळ्या पडून गळतात. उंच इमारतींवर परागीभवन करणारे कीटक कमी फिरकतात, हे त्याचं एक मोठं कारण. मग ते काम हाताने करायचं. फुलामागे इवलासा दुधी दिसला की ते मादीफूल, नुसता देठ असेल तर नर. नरफूल तोडून पाकळ्या मागे करायच्या आणि परागकोश मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचे. वेळ मात्र साधावी लागते. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, काकडी, घोसावळं आणि लाल भोपळा सकाळी. नव्याने आलेल्या एक मावशी रोज सकाळी दुधीपाशी बसायच्या आणि निराश व्हायच्या. त्यांना दिवेलागणीला गच्चीवर जायला सांगितलं. पुढच्या बैठकीला त्या दुधीचा हलवाच घेऊन आल्या. ओंजळीएवढ्या फळाचा त्यांना झालेला आनंद बघून मलाही भरून आलं.

हिवाळा गुलाबवाल्यांचा. जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. १८३० साली स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही बाग सांभाळते. छाटणीनंतर फूल यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून भाग घेणारे प्रदर्शनाच्या तारखेवरून उलटा हिशेब करतात. थंडी कडक पडली की तो हिशेब लांबतो. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघायचा, त्याच्या किंचित वर तिरका काप घ्यायचा आणि कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. धारदार कात्री हवीच. बोथट कात्रीने फांदी चिरडते आणि मागे वाळत जाते.

प्रदर्शनाला आम्ही सगळे मिळून जातो. बक्षिसाच्या फुलांपुढे गर्दी असते, पण आमची माणसं त्या फुलांमागच्या माळ्यांना गाठतात. छाटणी कधी केली, खत काय घातलं, मावा पडला तेव्हा काय फवारलं, हे विचारून वहीत उतरवतात. माळीदादा अगदी मोकळेपणाने सांगतात. पुढच्या वर्षीची छाटणीची तारीख त्या वहीवरूनच ठरते.