आधी टेप, मग किट

मॉडेल गाड्या बनवायला सुरुवात करायची तर कोणतं किट घ्यावं, हा प्रश्न या छंदात नवा येणारा माणूस हमखास विचारतो. माझं उत्तर बहुतेकांना रुचत नाही: पहिलं किट घेऊच नये. वसई-विरारमध्ये राहणाऱ्याने पहिलं मॉडेल रिक्षाचं करावं, आणि तेही स्वतः टेप लावून, मापं घेऊन. यात स्वदेशीचा आग्रह नाही. खर्चाचा मुद्दा आहे, नाही असं नाही. खेळण्यांवरची मूळ आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर, आणि जकातीच्या हिशेबात ही मॉडेल्स खेळण्यांतच धरली जातात. पण किट कोणी फुकट दिलं तरी माझं मत तेच राहील. या कामातली खरी मेख प्रमाणात आहे, आणि किटच्या खोक्यात प्रमाणाचं सगळं काम दुसऱ्या कोणीतरी आधीच उरकलेलं असतं.

आपल्या भागात छोट्या प्रतिकृती करणारे हात कमी नाहीत. दिवाळीला मातीचे किल्ले होतात, नाताळात गावोगावी गोठे सजतात, त्यांत विहिरी, बैलगाड्या, कौलारू घरं सगळं असतं. मात्र किल्ल्यातला मावळा दरवाज्याहून उंच असतो आणि ते कोणाला खटकत नाही. खटकायचं कारणही नाही. मॉडेलमध्ये नेमकं हेच चालत नाही. गाड्यांसाठी रुळलेलं प्रमाण १:२४, म्हणजे खऱ्या एका फुटाला अर्धा इंच. रिक्षाच्या टायरवर ४.००-८ असं लिहिलेलं असतं. त्यातला ८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. २०३ मिलिमीटरचा तो रिम मॉडेलमध्ये जेमतेम साडेआठ मिलिमीटर होतो. सव्वा मीटरहून थोडी जास्त रुंदी ५४ मिलिमीटरमध्ये बसते. पिवळ्यावर काळ्या अक्षरांत एमएच ४८ लिहिलेली पाटी ८ बाय ४ मिलिमीटरची, साबुदाण्याच्या दोन दाण्यांएवढी. इथपर्यंत नुसता भागाकार आहे. पुढे तो उपयोगी पडत नाही. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा २४ ने भागला तर वहीच्या कागदाहूनही पातळ होतो; मग जाडी कुठे झाकायची आणि कडा कुठे घासून बारीक दाखवायची, हे ठरवावं लागतं. हूडला खरं कापड लावलं तर त्याची वीण गोणपाटासारखी दिसते, म्हणून फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर बरा. असे निर्णय किट करणाऱ्याच्या वाट्याला फारसे येत नाहीत.

नामवंत कंपन्याही याच वाटेने गेल्या आहेत. जपानमधल्या शिझुओकाच्या टामिया कंपनीने १९७० च्या दशकात पोर्शचं मॉडेल काढायचं ठरवलं तेव्हा एक खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली, आणि भाग जवळून पाहून अभ्यासले. आपल्याला रिक्षा विकत घ्यायची गरज नाही, स्टँडवरच्या काकांना विचारलं की काम होतं. मूळ वस्तू समोर असणं ही कायमची सोय नव्हे, हेही लक्षात ठेवावं. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. आता तिला टेप लावायचा तर गाडी शोधण्यापासून सुरुवात.

यावर पहिला आक्षेप असा की नवख्याची रिक्षा वेडीवाकडी होईल आणि तो हिरमुसून छंद सोडेल. त्यापेक्षा किट हात तरी बसवतं. अर्धं खरं आहे. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात त्या रनरवरून ते स्वच्छ कापणं, प्लॅस्टिक वितळवून सांधणारा गोंद बेताने लावणं, हे रिक्षासाठी कापायच्या फोमशीटवर शिकता येत नाही. म्हणून दुसरं मॉडेल खुशाल किटचं करावं; वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत मोल्डिंग पाहिलेल्याला तो रनर ओळखीचाच वाटेल. पण वेडीवाकडी रिक्षा कुठे चुकली, हे स्टेशनबाहेर उभं राहिलं की दिसतं. फेरारीचं मॉडेल चुकलं तर वसईत ताडून कशाशी पाहणार? दुसरा आक्षेप, रिक्षा म्हणजे कार नव्हे. नसेना. सपाट पत्रे जास्त, गोलाई कमी, पुढे एकच चाक. कापायला शिकणाऱ्याला याहून सोयीची गाडी मिळणार नाही. कारच्या बॉनेटची दुहेरी गोलाई फोमशीटमधून काढायला बसलात तर लांबी भरता भरता आणि पॉलिश पेपर मारता मारता जीव मेटाकुटीला येतो.

तिसरी अडचण मात्र मला पूर्ण मान्य आहे: जागा आणि हवा. वन रूम किचनमध्ये स्प्रे मारला की थिनरचा वास घरभर राहतो, आणि गॅस पेटलेला असेल तर ते धोक्याचंही आहे. गॅलरी नसेल तर गच्ची गाठावी, नाहीतर हाताने ब्रश मारावा. ॲक्रिलिक रंगाला तर पाणीच पुरतं. थर्माकोल वापरायचा मोह टाळावा, स्प्रे त्याला खाऊन टाकतो. आणि समुद्राकडच्या दमट हवेत लॅकर मारलं की वर दुधी झाक येते, ती मग पुसून जात नाही. म्हणून पावसाळ्याचे महिने मापं, आराखडे आणि कापणीला द्यावेत, आणि रंगाचा डबा दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावरच उघडावा.