पाठ तुडवणारी पोरं

लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, घरात पहिली नोकरी कुठली लागली? वडिलांची पाठ तुडवायची.

गिरणीची पहिली पाळी दुपारी साडेतीनला सुटे. वडील येत, मोरीत पाय धूत, चहा घेत आणि चटईवर पालथे पडत. ‘ये रे, जरा पाठीवर ये.’ या नोकरीला वजनाची अट होती. पाच वर्षांचं पोर चढलं तर पाठीला कळायचंही नाही, दहा वर्षांचं चढलं तर श्वास कोंडायचा. मधली तीन-चार वर्षं काय ती कामाची. वजन वाढलं की आपली बदली पोटऱ्या दाबण्यावर, आणि पाठीवर धाकटा भाऊ नाहीतर बहीण. कसबही होतं त्यात. एका हातानं पोटमाळ्याची कड किंवा खिडकीचा गज धरायचा, म्हणजे अर्धा भार हातावर राहतो. मणक्यावर पाय द्यायचा नाही, मणक्याच्या दोन्ही अंगांनी चालायचं. कमरेच्या खळग्यात टाच रोवायची नाही, तळवा टेकवायचा. खांद्याच्या फऱ्याखाली एक गाठ असे. तिच्यावर अंगठा पडला की चटईतून आवाज येई, ‘हां, तिथंच. थांब तिथंच.’

साचा खात्यातला, म्हणजे मागावरचा, माणूस अख्खी पाळी उभा. तुटलेला धागा सांध, धोटा बदल, या साच्यावरून त्या साच्यावर जा. बसायला मिळे ते जेवणाच्या सुट्टीत. म्हणून पोटऱ्यांत गोळे, आणि साच्यांच्या खडखडाटामुळे घरीही बोलणं ओरडूनच. नवी सून आली की तिला वाटे, सासरे सदा रागावलेले आहेत.

रात्रपाळीवाल्याची तऱ्हा वेगळी. तो सकाळी घरी यायचा तेव्हा चाळीत नळावर भांडणं, रेडिओ, पोरांची शाळेची घाई. अंग मोडून आलेलं, पण डोळा लागेल तर शपथ. त्यावर आजीचा उपाय म्हणजे काशाची वाटी. तळपायाला तूप नाहीतर एरंडेल चोपडायचं आणि वाटी गोल गोल फिरवत राहायची. हळूहळू तळवा काळा पडे. ‘बघ, किती उष्णता निघाली!’ असं आजी म्हणे. काशात तांबं आणि कथील असतं, स्निग्धाशी घासलं की काळं सुटतं, हे नंतर समजलं. तोवर वडील घोरायला लागलेले असत, त्यामुळे आजीशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

खोलीला वास असे तो खोबरेलाचा, आयोडेक्सचा आणि अमृतांजनचा. अमृतांजन मूळ मुंबईचंच, 1893 सालचं, हे आम्हाला कुठं ठाऊक? त्या पिवळ्या बामाची रिकामी बाटली हळदकुंकवाला उपयोगी पडते, एवढंच ठाऊक. पगाराच्या दिवशी मात्र वडील स्वतःवर खर्च करत. सलूनमध्ये दाढीनंतर चंपी. न्हावी दोन्ही पंजे जोडून डोक्यावर चटचट वाजवी, ‘प्यासा’तल्या जॉनी वॉकरच्या थाटात, आणि शेवटी मान इकडून तिकडे कडाकड मोडे. आजचे डॉक्टर त्या मान मोडण्याला हात जोडतील, आणि ते बरोबरच आहे. त्या वेळी मात्र मान मोडल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नसे.

आता वाटतं, तुडवण्यात तुडवणं थोडंच होतं. आमच्या वडिलांनी आम्हाला कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. तशी रीतच नव्हती. पण तोंड चटईत खुपसलेला माणूस बोलतो. समोर कुणाचा चेहरा नसतो ना. मुकादमानं चारचौघांत काय सुनावलं, बदली कामगाराला आठवडाभर काम न देता कसं परत पाठवलं, गावाकडच्या जमिनीवरून चुलत्यानं कसलं पत्र धाडलं, हे सगळं आम्ही त्यांच्या पाठीवर उभे राहून ऐकलं. आईला ते यातलं किती सांगत, कोण जाणे.

18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं घरी बसली. पहिले काही आठवडे कुणी पाठीवर बोलावलं नाही. काम नाही, मग पाठ कसली दुखतेय! पावसाळ्यापर्यंत हाका पुन्हा सुरू झाल्या. आणि आमच्यातला जो कुणी चढे तो सांगे की पाठ पूर्वीपेक्षा ताठ लागते. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. वडिलांची पाठही मग शेवटपर्यंत सैल झाली नाही.

या साऱ्या आठवणीत आई कुठं आहे? स्टोव्हपाशी. गिरणगावात घरोघरी खानावळी चालत. गावी बायकामुलं ठेवून आलेल्या कामगारांची जेवणं आमच्या आया रांधत. प्रेमाताई पुरवांनी 1975मध्ये या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा कुठं त्या कामाला काम म्हणायला सुरुवात झाली. पहाटेपासून कणीक तिंबणाऱ्या त्या खांद्यांवर आमच्यापैकी कुणी कधी हात ठेवला? आईचं अंग चोळलं जाई ते बाळंतपणात, सव्वा महिना. मालिशवाली बाई तेल जिरवी, शेक देई, ओव्या-शेपाची धुरी देई. बाकी नरकचतुर्दशीला आणि पाडव्याला साऱ्या घराला तेल-उटणं लावून झालं की वाटीच्या बुडाला उरेल ते ती स्वतःच्या हातापायांना पुसून टाकी. घरात दमणूक होती ती पुरुषाची. बाईचं नुसतं ‘अंग दुखतंय’.

म्हणून फिनिक्स मिलच्या जागी झालेल्या मॉलमध्ये किंवा गिरण्यांच्या आवारांतल्या काचेच्या ऑफिसांत काम करणारी आमची मुलं मान आखडली की मोबाईलवरून मालिश ठरवतात, तेव्हा आमच्यातली काही मंडळी नाकं मुरडतात ते मला पटत नाही. दाबणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात, आणि दाबून घेणारी मुलगीही असू शकते. फुकटच्या पोरांच्या जोरावर चाललेल्या आमच्या व्यवस्थेपेक्षा हे बरंच म्हणायचं.

आमच्या आईचा खांदा मागच्या वर्षी धरला, हात वर जाईना. सुनेनं फिजिओथेरपिस्ट घरी बोलावली. पहिल्या दिवशी आईनं पदर आवळून धरला, ‘मला काही झालेलं नाही, उगाच पैसे घालवू नका.’ तिसऱ्या खेपेला तिनंच त्या मुलीला सांगून टाकलं, ‘आठवड्यातनं दोनदा येत जा.’ पैसे कोण देणार, ते आम्ही भावंडांनी आपसांत ठरवायचं.