तुमच्या घरात कोण कशाने गेलं?

"आई पोटाच्या दुखण्याने गेली." हे वाक्य मी दवाखान्यात असंख्य वेळा ऐकलंय. पूर्वी मी ते केसपेपरवर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. आता तिथेच थांबतो. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी ३८ वर्षांच्या एक शिक्षिका आल्या. चार घास खाल्ले की पोट भरायचं, वजन उतरत होतं. आईबद्दल त्यांनी हेच वाक्य सांगितलं. मी पित्ताच्या गोळ्या देऊन महिन्याने बोलावलं. पुढे एंडोस्कोपी आणि बायोप्सी केली तेव्हा जठराचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. मग त्यांच्या मामांनी जुनी फाईल शोधून आणली. आईलाही जठराचाच कर्करोग होता, वयाच्या ४२व्या वर्षी. "वय किती होतं? नेमका आजार कुठला?" एवढं मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

हे वाचून लगेच घाबरू नका. जठराचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, तंबाखू, फार खारवलेले पदार्थ ही त्यांची नेहमीची कारणं. पण शंभरातल्या साधारण एक ते तीन रुग्णांत दोष जन्मापासून जनुकात असतो. त्यातलं सर्वांत परिचित जनुक म्हणजे सीडीएच१. ते ई-कॅडहेरिन हे प्रथिन बनवतं. या प्रथिनामुळे पेशी एकमेकींना धरून राहतात. ते नसलं की पेशी सुट्या होऊन अस्तराखाली विखुरतात. ठळक गाठ दिसत नाही. म्हणून या प्रकारात एंडोस्कोपी नॉर्मल आली तरी कर्करोग असू शकतो.

हे जनुक सापडलं ते न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबामुळे. तीस वर्षांत त्यांची पंचवीस माणसं जठराच्या कर्करोगाने गेली होती. घराण्याला शाप आहे, असंही काहींना वाटायचं. शेवटी कुटुंबानेच शास्त्रज्ञांशी संपर्क साधला, आपली वंशावळ त्यांच्यापुढे ठेवली. १९९८ मध्ये ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी तो दोष शोधून काढला. शापाला उपाय नव्हता, याला होता. दोष असलेल्या अनेकांनी कर्करोग होण्याआधीच जठर काढून घेतलं. जठराशिवाय जगता येतं: थोडं थोडं, वारंवार खायचं आणि बी-१२ आयुष्यभर घ्यायचं.

तुम्ही काय करायचं? रक्ताच्या नात्यातल्या दोघांना जठराचा कर्करोग झाला असेल, किंवा एकालाच पण पन्नाशीच्या आत, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. घरातल्या स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाचाही उल्लेख करा. सीडीएच१च्या दोषात त्याचा एक प्रकारही होतो. वडिलांकडची बाजू विसरू नका. दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. जनुकीय तपासणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करावी, तीही जेनेटिक समुपदेशकाशी बोलून. तिच्यात दोष सापडला की बाकीच्यांना फक्त तेवढाच शोधायचा असतो.

त्या शिक्षिकांच्या रक्तात तो सापडला. "डॉक्टर, माझं राहू द्या, आधी धाकट्याला बोलवा," त्या म्हणाल्या. भाऊ आला. त्यालाही दोष होता. एंडोस्कोपी नॉर्मल होती. विचार करून त्याने जठर काढून घेतलं. त्यात कर्करोगाचे बारीक ठिपके निघाले, अगदी सुरुवातीचे. आज तो कामावर जातो. बहीण ते बघायला राहिली नाही.

गणपतीला घरचे सगळे जमतील. आत्या, मावशी, काका, कुणी तरी थोरलं माणूस असेलच. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: कोण कशाने गेलं, किती वर्षांचं होतं? उत्तर "पोटाच्या दुखण्याने" असं आलं, तर जुनी फाईल कुठे आहे तेही विचारा. कागदावर लिहा आणि पुढच्या वेळी दवाखान्यात येताना तो कागद सोबत आणा.